आमच्या भातातला जपान

गडचांदूर हे धानाचे गाव नाही, हे आधी सांगून टाकते. इथली जमीन काळी. कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन, ही इथली पिके. माझ्या सासूबाईंच्या काळात भात शिजायचा तो सणाला, पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण. माझे माहेर नागभीड तालुक्यातले, झाडीपट्टीतले. तिकडे सकाळी भात, रात्री भात आणि उरलेल्या भाताचे जे होईल ते मधल्या वेळेला. लग्न होऊन आले, वर्धा नदी ओलांडली आणि ताटच बदलले. जिल्हा तोच, चंद्रपूर, पण पहिली दोन वर्षे मला परदेशी आल्यासारखे वाटायचे.

तसे ते परदेशच होते, फार जुनी गोष्ट नाही. नागभीड, ब्रह्मपुरी, मूल हा भाग गोंड राजांनंतर नागपूरकर भोसल्यांकडे आणि पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात गेला. वर्धेच्या या काठावर मात्र निजामाचे राज्य. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा गडचांदूर, कोरपना, जिवती सगळे आले, तो हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणून आमच्याकडे १५ ऑगस्टइतकाच १७ सप्टेंबर, हैदराबाद मुक्तीचा दिवसही महत्त्वाचा. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. शाळेत इतिहास शिकवताना मी हे फळ्यावर लिहायचे आणि पोरे विचारायची, ‘मॅडम, म्हणजे आपण नेमके कुठले?’ मी म्हणायचे, दुकानातला तांदूळ बघा. पूर्वेकडून नागभीड-तळोधीचा एचएमटी येतो, दक्षिणेकडून तेलंगणातली मसुरी येते. दोन राज्यांच्या सीमेवरची माणसे आपण, दोन्हीकडचे खातो.

आता याच गावात पोरे ‘जपानी राइस बाऊल’ करतात. माझा नातू सिमेंट कॉलनीतल्या मित्रांबरोबर मोबाइलवर बघून आला आणि म्हणाला, ‘आजी, खाली भात, वर मासा, बाजूला काकडी, वरून सोया सॉस. मिसळायचे नाही.’ मला हसू आले. मासा-भात खाऊन वाढलेल्या बाईला हा पोरगा मासा-भात शिकवत होता. पण मग विचार करत गेले तेव्हा लक्षात आले की जपान आमच्या भातात आज आलेला नाही. बाऊल आला तो मागून. शेतात आणि बियाण्यात जपान येऊन त्याला साठ-सत्तर वर्षे झाली आहेत, फक्त त्याची कुणी ओळख करून दिली नव्हती.

आधी शेतातली गोष्ट. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे टंचाईची, रेशनची. मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीने भात लावून बघण्यात आला, उत्पन्न चांगले आले आणि १९५३ पासून केंद्र सरकारने ‘जपानी पद्धतीची भातशेती’ ही मोहीमच देशभर सुरू केली. रफी अहमद किडवई तेव्हा अन्न व शेती मंत्री. पद्धत ऐकायला साधी होती: पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे ते उंच केलेल्या वाफ्यावर, बियाणे थोडे पण निवडलेले. रोवणी ओळीत, ठरावीक अंतरावर, एका जागी तीन-चारच काड्या. शेणखत भरपूर, जोडीला अमोनियम सल्फेट. आणि दोन ओळींमधून फिरणाऱ्या चाकाच्या कोळप्याने निंदण.

आमच्या झाडीपट्टीत रोवणा होता, आवत्याही होता, म्हणजे सरळ फेकून पेरलेले धान. नवी होती ती दोरी. बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत दोरी ताणायची आणि तिच्या खुणेवर रोवायचे. वडिलांनी एका बांधीत ते केले. रोवणाऱ्या बायांना दोरी अजिबात आवडली नाही. त्यांचा हात पाण्यात सुरीसारखा चालायचा, गाण्याच्या लयीत, आणि दोरी आली की गाणे तुटायचे. त्यात मजुरी दिवसावर नसून हुंड्यावर असली की वेग गेला म्हणजे पैसा गेला. सरकारी पत्रकात उत्पन्नाचे आकडे असायचे, बायांच्या कमरेचा हिशेब कुठे नसायचा. वडिलांनी दोन-तीन हंगामांनी दोरी गुंडाळून ठेवली. पण काड्या कमी लावणे आणि वाफा उंच करणे राहिले, आणि जपानी कोळपे तर गोठ्याच्या भिंतीला कितीतरी वर्षे टांगलेले मी पाहिले आहे. मोहीम संपली तरी तिचा असा निम्मा भाग मागे उरला. माझ्या मते सरकारी योजनेला याहून मोठे यश मिळत नसते.

दुसरी गोष्ट बियाण्याची, आणि ती मला जास्त नवलाची वाटते. भाताच्या दोन मोठ्या जाती: आपल्याकडचा इंडिका, लांब दाण्याचा, शिजल्यावर सुटा. जपानचा जॅपोनिका, आखूड, गोलसर, शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा. १९२० च्या दशकात तैवान जपानच्या ताब्यात असताना एइकिची इसो या जपानी शास्त्रज्ञाने तिथे ‘ताइचुंग ६५’ नावाचा जॅपोनिका वाण तयार केला. पुढे १९५० च्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने जॅपोनिका आणि इंडिका यांचे संकर करण्याचे मोठे काम सुरू झाले. त्यातून फार थोडे वाण टिकले, पण टिकले त्यांनी नाव काढले. एक तमिळनाडूचा एडीटी २७. दुसरा मलेशियाच्या मायांग एबोस आणि ताइचुंग ६५ यांच्यापासून झालेला, जो १९६० च्या दशकात मलेशियात ‘मसुरी’ म्हणून बाहेर पडला आणि भारतात परत येऊन आंध्रात असा रुजला की तिथलाच झाला. आंध्रातल्या बापटला केंद्राचा सांबा मसुरी, म्हणजे बीपीटी ५२०४, १९८० च्या दशकात आला तोही याच मसुरीचा वंशज.

म्हणजे गडचांदूरच्या बाजारात तेलंगणातून येणारे मसुरीचे कट्टे कुणी फोडले तर त्यात काही पिढ्यांमागचा एक जपानी पूर्वज सापडतो. खाणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. १९८० च्या दशकात इथे आणि आवारपूरला सिमेंटचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर आंध्र, बिहार, राजस्थान, बंगालकडची माणसे आली आणि भात रोजचा झाला. कॉलनीतल्या तेलुगू घरांत मसुरीचा भात शिजायचा, त्यावर चिंचेचा माशाचा पुलुसू. मी तो त्यांच्या घरी बसून खाल्ला आहे. जपानी पूर्वजाच्या भातावर आंध्रचा मासा, चंद्रपूर जिल्ह्यात. कुणी त्याला बाऊल म्हटले नाही, कारण तो स्टीलच्या ताटात होता.

पूर्वेकडच्या तांदळाची कथा वेगळी, ती आमच्या नागभीडची. नांदेड नावाच्या छोट्या गावात दादाजी खोब्रागडे होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या जबलपूरकडच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, बारीक दाण्याच्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी काट्यांचे कुंपण करून लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. भात बारीक, चवीचा आणि उत्पन्नाला भारी. १९९० च्या सुमाराला तो तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा नाव हवे होते. त्या काळात एचएमटीचे मनगटी घड्याळ हीच मोठी ऐट होती, तेच नाव पडले. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण आणले आणि श्रेय कुणाचे हा वाद दादाजींच्या शेवटापर्यंत मिटला नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ ला गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये ते गेले. जपानात कोशिहिकारी हा त्यांचा लाडका तांदूळ १९५६ मध्ये फुकुई प्रांताच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडला, त्याच्यामागे सरकार होते, प्रयोगशाळा होत्या. आमच्या एचएमटीमागे काट्यांचे कुंपण होते. मला यात अभिमानापेक्षा रागच जास्त येतो.

आता मासा. मासा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. झाडीपट्टीला समुद्र माहीत नाही, तिला तलाव माहीत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची चाल होती. अशा जमिनीला तुकूम म्हणत, चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती आजही आहे. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे. चुना-सिमेंट न वापरता नुसत्या मातीच्या पाळी, उताराचा असा अंदाज की वरच्या तलावाचे पाणी सांडले की खालच्यात जावे. भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात तलाव मालगुजारांकडे आले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते हजारोंनी आहेत.

पाणी धानासाठी, पण त्या पाण्यावर धिवर समाज जगला. मासे, शिंगाडे, कमळकंद. पहिल्या पावसात नदी-नाल्यातले मासे उलट्या प्रवाहाने चढून तलावात आणि बांध्यांत यायचे. रोवणीच्या चिखलात मरळ, शिंगूर, झिंगे सापडायचे आणि रोवणाऱ्या बाया संध्याकाळी ओच्यात घेऊन घरी जायच्या. धान आणि मासा एकाच पाण्यात वाढायचे, एकाच चुलीवर शिजायचे. जवसाच्या तेलात, लसूण-मिरचीत, आंबटाला चिंच किंवा अंबाडी. पुढे तलावांचे ठेके सहकारी संस्थांना मिळू लागले, रोहू-कतला-मृगळाचे बीज सोडणे सुरू झाले. वजन वाढले, पण शेतातली खते-औषधे पाण्यात उतरली आणि गावठी मासे कमी होत गेले. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी-मुलचेरा भागात वसवली गेली, त्यांच्यामुळे गोड्या पाण्याच्या माशाला नवे गिऱ्हाईक मिळाले. चंद्रपूरचा बंगाली कॅम्प ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगायला नको.

आणि इथे जपानची गंमत. सुशी म्हणजे समुद्राचा कच्चा मासा, असे सगळ्यांना वाटते. तिचे जुने रूप तसे नाही. भातखाचरांच्या प्रदेशात, आग्नेय आशियात, गोड्या पाण्याचा मासा मीठ लावून शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायची रीत होती. भात आंबायचा, मासा टिकायचा. जपानच्या बिवा सरोवराकाठी ती ‘फुनाझुशी’ म्हणून आजही होते आणि तिचा मासा आपल्या रोहू-कतल्याच्याच कुळातला. व्हिनेगरच्या भातावर ताजा मासा ठेवण्याची चाल एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. वाडग्यात भात आणि वर भाजलेला मासा हेही त्याच शहरातले. एक नाटकवाला भाजलेली उनागी, म्हणजे वामीसारखा लांबट मासा, गरम राहावी म्हणून गरम भातावर ठेवून मागवायचा, असे सांगतात. पुढे १८९९ मध्ये योशिनोया हे दुकान निहोनबाशीच्या मासळी बाजारात निघाले ते बाजारातल्या हमालांसाठी, भातावर मांस घालून झटपट द्यायला. हा बाऊल मुळात घाईतल्या कष्टकऱ्याचे जेवण आहे. मुंबईच्या ताजमध्ये २००४ ला जपानी उपाहारगृह उघडले तेव्हापासून आपण त्याला श्रीमंतीचे खाणे समजतो, हा आपला घोटाळा.

विदर्भाला जपानी माणूसही नवा नाही. जपानी बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या शिष्यांचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले आणि इथलेच झाले. जपानी मदतीने उभे राहिलेले कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ चे. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या गर्दीतल्या घरांना बुद्धाच्या निमित्ताने जपान ठाऊक झाला. स्वयंपाकघरात मात्र तो आला नातवाच्या मोबाइलमधून.

तर तो बाऊल मी कसा करते ते सांगते. तांदूळ एचएमटी, पण नवा. आमच्याकडे जुना तांदूळ चांगला मानतात, कारण तो सुटा होतो. इथे उलट हवे. दिवाळीनंतर आलेला नवा तांदूळ शिजल्यावर गिचका होतो, एरवी बाया त्याला नावे ठेवतात, बाऊलला तोच बरा. दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, मग बेताच्या पाण्यात झाकण घालून मंद आचेवर. गाळायचा नाही. आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडायचे नाही. बाहेरचा महागडा जपानी तांदूळ मागवायची गरज नाही. कोशिहिकारीसारखा तो होणार नाही, पण काट्याचमच्याने उचलण्याइतका धरून राहतो.

मासा मरळ. काटे कमी, मांस घट्ट, बाजारात जिवंत मिळतो. कधी नदीची वाम मिळाली तर उत्तमच, ती उनागीच्या कुळातली नसली तरी भाजल्यावर तशीच तुकतुकीत दिसते. काटे काढून तुकडे, मीठ-आले लावून थोडा वेळ. सोया सॉस, गूळ आणि आल्याचा रस आटवून दाटसर पाक. जपानी लोक गोडीसाठी मिरीन घालतात, आमच्या गुळाला काही कमीपणा नाही. तव्यावर मासा खरपूस भाजायचा आणि शेवटी हा पाक लावून पुन्हा उलटवायचा. बाजूला काकडी-मुळ्याच्या चकत्या, लिंबू-साखर लावलेल्या. पावसाळा असेल तर बांबूचे वास्ते, उकळून पाणी फेकलेले. जपानातही बांबूचे कोंब भाताबरोबर खातात, तिथे ते वसंताचे पक्वान्न. वरून भाजलेले तीळ आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. सोयाबीन आमच्या शेजारच्या शेतात पिकते आणि सॉसची बाटली कुठून तरी येते, एवढेच मला खटकते.

नातवाला एक गोष्ट मी करू दिली नाही. त्याला मासा कच्चा हवा होता, चित्रात तसा होता म्हणून. गोड्या पाण्याचा मासा कच्चा खायचा नाही, हे पक्के. त्यात यकृतात जाऊन बसणारे चपटे कृमी असू शकतात. थायलंडच्या ईशान्य भागात नदी-तलावाचे कच्चे मासे खाण्याच्या सवयीमुळे हे कृमी आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग हा तिथला मोठा आजार आहे. लिंबाने किंवा व्हिनेगरने ते मरत नाहीत, आचेने मरतात. जपानी माणूसही उनागी कच्ची खात नाही.

बाऊल करून बघा, अवघड काही नाही. फक्त मासा अमक्या कंपनीचा, बर्फातला, समुद्रापलीकडचाच हवा असे समजू नका. आठवडी बाजारात कोपऱ्यात घमेले घेऊन बसलेल्या धिवर बाईकडे जा. मरळ ती समोर साफ करून, तुकडे करून देते. आणि तिच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. तलावाचा ठेका, मत्स्यबीज, जाळे आणि उन्हाळ्यात आटलेले पाणी, हे सगळे तिला त्याच भावातून भागवायचे असते.